खालून येणारा आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या घरातले बोलणे आणि टीव्ही रात्री शब्दन्‌शब्द ऐकू येतो. जाड गालिचा अंथरूनही फरक पडला नाही. लाद्या काढून खाली काही घालावे का?

उत्तर : लाद्यांना एवढ्यात हात लावू नका. गालिच्यामुळे तुमच्या पावलांचा आवाज खाली जायचा थांबतो, म्हणजे त्याचा लाभ झाला असेल तर तो खालच्या शेजाऱ्यांना. हवेतून येणारे बोलणे अडते ते मुख्यतः वजनाने आणि वजन तुमच्याकडे आधीच आहे : पाच इंची आरसीसी स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो भरतो. तो दुप्पट जाड केला, तरी आवाज जेमतेम पाच-सहा डेसिबलने उतरेल. अशा स्लॅबमधून बोलणे आलेच तर पुटपुटल्यासारखे येते. शब्द स्पष्ट कळत असतील, तर आवाजाला कुठेतरी मोकळी वाट मिळाली आहे, असे बहुधा समजावे.

ती वाट शोधण्यासाठी रात्री सर्व खिडक्या बंद करून ऐका. आवाज लक्षात येण्याइतका घटला, तर तो खालच्या खिडकीतून बाहेर पडून तुमच्या खिडकीतून आत येतो आहे. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना फटी राहतातच. त्याऐवजी रबरी पट्टी असलेली, घट्ट मिटणारी बिजागरीची खिडकी बसवावी. आवाज घटला नाही, तर न्हाणीघराचा डक्ट आणि पाइप जिथे स्लॅबमधून जातात ती भोके तपासावीत. लादी घालताना ही भोके वरवर बुजवलेली असतात आणि ती सिमेंटने नीट भरण्याचा खर्च लाद्या काढण्याच्या मानाने नगण्य असतो. एवढे करूनही आवाज उरला, तर मऊ थरावर दोन इंची कोबा घालून भिंतींपासून सुटी ठेवलेली ‘तरंगती’ जमीन करता येते. मात्र तिचे वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जाते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती आवश्यक आहे. शिवाय दरवाजे खालून कापावे लागतात, आणि भिंतींतून चढणारा आवाज तसाच राहतो.

प्रश्न : तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की जमीन थरथरते. जमिनीवर रबर घातल्यास थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही. भिंतीला तळहात लावून पाहिल्यास तीही थरथरताना जाणवेल, कारण यंत्राची कंपने कॉलममधून साऱ्या इमारतीत चढतात. उपाय गिरणीच्या पायाशीच करायला हवा : यंत्राखाली त्याचे वजन आणि फेऱ्यांची गती पाहून निवडलेले रबरी किंवा स्प्रिंगचे पॅड बसवावेत. कडक रबराचा कोणताही तुकडा चालत नाही. पॅड यंत्राच्या भाराने पुरेसा दबला नाही, तर तो असून नसल्यासारखा. त्याआधी सैल पट्टा आणि झिजलेले बेअरिंग मालकाला तपासायला सांगावे.

प्रश्न : पुण्यातील जुन्या वाड्यात लाकडी जमीन आहे. खालच्या बिऱ्हाडातली भांडीसुद्धा ऐकू येतात.

उत्तर : येथे मात्र जमिनीवरच खर्च करण्यात अर्थ आहे. लाकूड हलके असते आणि फळ्यांच्या सांध्यांतून हवा खेळते, म्हणजे वजनही नाही आणि बंदिस्तपणाही नाही. आधी सांधे बुजवावेत, तुळयांमधल्या पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरावे आणि फळ्यांवर सिमेंट बोर्डाचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्यावर येणार नाहीत असे, रबरी पट्ट्यांवर घालावेत. खालचे बिऱ्हाड तयार असेल, तर त्यांच्या छताला रबरी टांगण्यांवर जिप्सम बोर्ड लावल्याने अधिक गुण येतो. भिंतीत गेलेली तुळयांची टोके वाळवीने किंवा ओलीने खाल्लेली नाहीत, हे सुताराकडून पाहून घेतल्याखेरीज एक किलोही वजन वाढवू नये. पोकळीत वाळू भरण्याचा सल्ला कोणी देईल. आवाजापुरता तो बरोबर आहे, पण जुन्या वाड्यात मी तो देणार नाही.

प्रश्न : अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल लावल्यास?

उत्तर : ट्रेमुळे फार तर खोलीतला घुमारा किंचित कमी होईल, थर्माकोलने तेवढाही नाही. खालचा आवाज मात्र येतच राहील.

प्रश्न : खालचे तरुण रात्री उशिरापर्यंत स्पीकर लावतात. कायदा काय म्हणतो?

उत्तर : ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मर्यादा 45 डेसिबलची आहे, दिवसा 55. तक्रारीआधी त्यांना वूफर कोपऱ्यातून हलवून जाड फोमवर ठेवायला सांगून पाहा. कोपऱ्यात ठेवलेल्या वूफरचा खर्जातला घुमारा सर्वाधिक वाढतो.