नव्या रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर कोणती चित्रं काढावीत, कोणता रंग टिकतो?

वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर तुमच्या गावाला स्टेशन होतंय, त्यासाठी विचारलंत. पहिलं सांगतो, वाघ काढू नका. यावरून माझं आणि मोठ्या भावाचं सहा वर्षं भांडण चालू आहे. चंद्रपूर-बल्लारशाला वाघ शोभतो, ताडोबा त्यांचंच आहे. 2018 साली रेल्वेच्या स्पर्धेत त्या दोन स्टेशनांना पहिला नंबर मिळाला, तेव्हापासून जो तो वाघच मागतो.

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडची भिंत मला मिळाली, तेव्हा मी समोरची जुनी जिनिंग काढली. कापसाच्या बैलबंड्यांची रांग, रेच्यावरच्या, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावरच्या बाया, धुराडं. भाऊ म्हणाला, "तिथं आता प्लॉटांचं लेआउट पडलं. कोण पाहते रे हे?"

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी बस सोडून चित्रापाशी थांबली. सारी उमर रेच्यावर गेली म्हणाली. "बापू, तोंडाले फडकं नाई बांधलं तुनं यायले. रुई नाकातोंडात जाते ना." मी तिथल्या तिथे ब्रश उचलला आणि बाराही बायांच्या तोंडाला फडकी बांधली. शेवटच्या बाईवर बोट टेकवून ती म्हणाली, "हे मी."

दोन वर्षांनी भिंत पुन्हा रंगवली. त्या बायांवर आता वाघ बसलाय.

तुमच्याकडे काढण्यासारखं कमी आहे का? शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेचा यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरचा नॅरोगेज कापसासाठीच टाकला होता. 2024 पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेजची गाडी धावते. दोन्ही काढा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या जागी आलेलं सोयाबीन काढा, लेआउटचे रोवलेले दगडही काढा. नवं नको असं मी भावालाही कधी म्हटलं नाही, जुनं पुसू नका एवढंच म्हटलं.

रंगाचं म्हणाल तर चुन्यावर डिस्टेंपर मारू नका, एका पावसात पोपडे निघतात. भिंत खरवडा, प्रायमर द्या, मग बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रेलिक इमल्शन. लोणा लागलेली, म्हणजे ओलीनं पांढरा खार फुटलेली भिंत घेऊच नका. खालचे तीन फूट कथ्थी ठेवा, तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकणारे थांबत नाहीत. त्यांना अडवायला तिथे देव काढणं मला मुळीच पटत नाही.

टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं गाव असेल तर वाघ चालेल, पण त्याच्यासोबत गुराखी हवा. आणि भिंत देणाऱ्याकडून चित्र किती वर्षं पुसणार नाही हे कागदावर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.