गुडघेदुखी आणि गरम पाण्याचे कुंड: आईंना बसवावे का?

आईंचे वय सत्तरीच्या घरात आहे, दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि मधुमेहही आहे. अशा स्थितीत पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जाताना त्यांना तिथून जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवावे का, असे आपण विचारले आहे. तळपायांची संवेदना डॉक्टरांनी तपासून ती शाबूत असल्याचे सांगितले, तर अवश्य बसवावे. मात्र पाणी किती गरम आहे आणि किती वेळ बसायचे, हे आपण ठरवावे.

गंधकाच्या पाण्याने संधिवात बरा होतो, ही समजूत वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत सगळीकडे ऐकू येते. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, कोणत्याही पाण्याने भरून येत नाही. तरीही कुंडातून बाहेर आल्यावर हलके वाटते, हा भास नव्हे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो आणि मानेपर्यंतच्या पाण्यात तो जेमतेम एक दशांश उरतो. शिवाय उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात, त्यामुळे जिना उतरताना कळ देणारा गुडघा पाण्यात बराच सहज वाकतो. म्हणून आईंना नुसते बसवून ठेवू नये. कुंडाच्या कडेला धरून त्यांनी एकेक पाय सावकाश लांबवावा आणि पुन्हा दुमडावा. खरा लाभ या हालचालीत आहे.

मधुमेहात तळपायांची संवेदना नकळत मंदावते आणि मग पाणी पोळते आहे हेच कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि भरायला आठवडे लागतात. त्यामुळे आधी आपण स्वतः कोपर बुडवून पाहावे, शक्य असल्यास तापमापक न्यावा आणि पाणी ४० अंशांच्या वर असल्यास त्यांना उतरवू नये. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब उतरतो, त्यातच रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एकदम उठताना भोवळ येते. ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर हे फार धोक्याचे आहे. बाहेर येताना एकाने हात धरावा. पायाला जखम किंवा भेग असेल तर कुंड टाळावे, आणि कोणीही बुडी मारू नये, कारण मेंदूला घातक ठरणारा एक अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो व नाकावाटे शिरतो. असे आजार अत्यंत विरळ असले तरी नाक पाण्याबाहेर ठेवण्यास काहीच कष्ट पडत नाहीत.

आईंना झोप लागत नाही, असेही आपण लिहिले आहे. त्यासाठी घरची अंघोळ पुरेशी आहे. झोपण्यापूर्वी एक-दोन तास सोसवेल इतक्या गरम पाण्याने दहा मिनिटे अंघोळ केल्यास झोप लवकर लागते, असे या विषयावरील अभ्यासांच्या २०१९ मधील एका आढाव्यात आढळले. हातापायांच्या त्वचेकडे रक्त वळते, शरीराच्या आतली उष्णता त्यावाटे बाहेर पडते आणि शरीर झोपेकडे कलते. अंथरुणावर पडण्याच्या अगदी आधी अंघोळ केली, तर त्याला निवायला अवधीच मिळत नाही. रोज रात्री बादलीत पाय बुडवून बसण्याची पद्धत मात्र मधुमेहींनी टाळावी, कारण त्वचा कोरडी पडून भेगाळते. कुंडात असो वा घरी, अंघोळ झाल्यावर त्यांच्या बोटांच्या बेचक्या मऊ पंच्याने टिपून घ्याव्यात आणि टाचांना खोबरेल लावावे, पण ते बेचक्यांत लावू नये.