ई-बुक आलं, मग ग्रंथपाल कशाला?

तुमच्या लांबलचक पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत आटोपलंय: तिला ग्रंथालयशास्त्र शिकायचंय. बाकी सगळं तुमचं. ‘पुस्तकं मोबाइलवर आली, ग्रंथालयं बंद पडणार, म्हणून आम्ही इंजिनिअरिंग ठरवलं. हल्ली तिला गुण कमी पडतात, घरातही ती फारशी बोलत नाही. तुम्ही समजवा.’ तिच्या कमी गुणांची मला काळजी वाटत नाही, तिच्या न बोलण्याची वाटते. ठरवून झाल्यावर समजवायला तिसरा माणूस बोलावला, की मूल बोलणं सोडून देतं. ते काम मी करणार नाही.

ई-बुकमुळे ग्रंथालयं संपतील, हा तुमचा समज मात्र खोडायलाच हवा. १९९८मध्ये रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक ही वाचनयंत्रं अमेरिकेत बाजारात आली, तेव्हाही हेच भाकीत झालं होतं. प्रत्यक्षात काही ग्रंथालयांनी पुस्तकं भरलेली ही यंत्रंच वाचकांना घरी न्यायला दिली. अडचणी तिथून सुरू झाल्या. विकत घेतलेलं पुस्तक ठरावीक यंत्रावरच उघडायचं आणि एका यंत्राचा फॉरमॅट दुसऱ्यावर चालायचा नाही. ही यंत्रं बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या २०००मध्ये जेमस्टार या कंपनीने विकत घेतल्या आणि २००३मध्ये तिने हा धंदाच गुंडाळला. नेटलायब्ररी ही कंपनी ग्रंथालयांमार्फत संगणकावर पुस्तकं द्यायची, पण एका वेळी एका प्रतीला एकच वाचक, अगदी छापील पुस्तकासारखं! पुढे २०११मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांच्या ई-बुकवर २६ वेळा देण्याची मर्यादा घातली. त्यानंतर परवाना पुन्हा विकत घ्यायचा. कोणता करार करायचा, कोणता फॉरमॅट टिकेल, कंपनी बुडाली तर वाचकांच्या हाती काय उरेल, हे ग्रंथालयात कुणीतरी जाणकाराने बघावं लागतं. ई-बुकने ग्रंथपालाचं काम वाढवलं, आणि ते अवघडही केलं.

पगार इंजिनिअरइतका मिळेलच असं नाही, जागाही मोजक्या असतात. हे तिला स्पष्ट सांगा. मार्ग सरळ आहे: कुठल्याही शाखेची पदवी, मग ग्रंथालय व माहितीशास्त्राची. संगणकाची आवड असेल तर डेटाबेस आणि मेटाडेटा (म्हणजे पुस्तकाबद्दलच्या माहितीच्या नोंदी) तिने आतापासूनच शिकावं.

प्रवेशाचा अर्ज तूर्त भरू नका. तिला एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या डिजिटल विभागात काही दिवस बसू द्या, तिथल्या माणसांना तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. त्यानंतरचं पत्र तिने लिहावं, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नये.