माझा ससा बाटलीतलं पाणी पीतच नाही, पालेभाजी खातो म्हणून त्याला पाणी लागत नसेल का?

लागतं हो, लागतंच. आणि "सशाला पाणी पाजलं की तो मरतो" असं जे लोक सांगतात ना, ते मलाही सांगितलं होतं, तेही ज्यांच्याकडून ससा आणला त्यांनीच, आणि इतकं ठामपणे की पहिले दोन दिवस मी घाबरत घाबरतच पाणी ठेवलं. साफ खोटं आहे ते. माझा अंदाज असा की लहान पिल्लांना एकदम भरपूर ओला पाला घातला की त्यांना जुलाब होतात, पिल्लं दगावतात आणि आळ येतो पाण्यावर.

आता तुमच्या सशाचं. तो पाणी पीत नाहीये की त्याला पाणी मिळतच नाहीये, हे आधी बघा. माझ्याकडे पण ती पिंजऱ्याला उलटी लटकवायची, नळीच्या टोकाला छर्रा असलेली बाटली होती. आठवडाभर बघतोय तर पातळी जवळपास तशीच, मला वाटलं याला तहानच कमी. एक दिवस सहज बोटाने तो छर्रा आत दाबला तर पाणी येईचना, दोनतीनदा जोरात झटकली तेव्हा कुठे एक थेंब. छर्रा अडकला होता. म्हणजे हा बिचारा रोज येऊन नळी चाटून जात होता आणि मी समजत होतो पितोय. तुम्ही आत्ता जाऊन तुमच्या बाटलीला बोट लावून बघा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

आणि बाटली नीट चालत असली तरी पाणी थेंब थेंबच येतं. ससा मुळात खाली मान घालून लपालपा पिणारा प्राणी, त्याला सोयीचं काय तर वाडगा. मी त्याच संध्याकाळी एक जड चिनी मातीचा पसरट बाउल ठेवला आणि पठ्ठ्या सलग दीडदोन मिनिटं मान वर न करता पीत होता, अक्षरशः आवाज येत होता, मला इतकं अपराधी वाटलं ना. बाउल जडच घ्या कारण हलका असला की दातात धरून उलटा करतात (आणि मग आपल्याकडेच रागाने बघतात). हगायच्या ट्रेपासून लांब आणि गवत खायच्या जागेजवळ ठेवा, खाता खाता पितात. फक्त मादी असेल आणि गळ्याखालची लोंबती कातडी जास्त असेल तर ती पाण्यात भिजून सतत ओली राहते, तिथे त्वचा सडू शकते, तर अशा वेळी बाउल थोडा अरुंद तोंडाचा आणि विटेवर वगैरे ठेवून जरा उंच करा.

किती प्यायला पाहिजे तर साधारण धरून चाला वजनाच्या दर किलोला दिवसाला 100 मिली, पण 50 पासून 150 पर्यंत काहीही असलं तरी नॉर्मलच. म्हणजे दोन किलोचा ससा असेल तर 200 मिलीच्या आसपास, आकाराने बघता मांजरापेक्षा बरंच जास्त. पालेभाजीत 90 टक्के पाणीच असतं त्यामुळे पाला भरपूर खाणारा ससा बाउलमधलं कमी पितो, ते ठीकच, तुमची शंका तेवढ्यापुरती बरोबर आहे. पण नुसतं वाळलेलं गवत आणि पेलेट (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) खाणाऱ्याला सगळं पाणी बाउलमधूनच घ्यायला लागतं. मोजायचं असेल तर सकाळी 500 मिली ओता आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, सोबत तसाच दुसरा बाउल त्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा, त्यात जेवढं कमी होईल तेवढं वाफेने उडालं असं समजून वजा करा. हे खूळ वाटेल पण उन्हाळ्यात फरक पडतो.

पाणी एवढं महत्त्वाचं का, तर सशाचं पोट. दिवसभर चोथाच चोथा आत जात असतो आणि तो पुढे सरकायला ओला राहायला लागतो. शरीराला पाणी कमी पडलं की ते आतड्यातलंच पाणी ओढून घेतं, आतला माल सुकतो, घट्ट होतो, पोट थांबतं. लोक म्हणतात केसांचा गोळा अडकला, पण चाटल्यामुळे केस प्रत्येक सशाच्या पोटात असतातच, पाणी कमी पडलं आणि पोट मंदावलं की त्यांचा गोळा होतो. आणि सशाला उलटी करता येत नाही, जे गेलं ते खालूनच निघायला हवं. दुसरं म्हणजे लघवी. सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं म्हणून ती जरा गढूळ असतेच, पण पाणी कमी असेल तर मूत्राशयात गाळ साठतो, खडे होतात. लघवी केशरी-लालसर दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पाल्याच्या रंगानेही होते तशी, पण जाड चिखलासारखी असेल किंवा बसून कुंथत असेल तर दाखवा.

मी स्वतः रोज बघतो त्या लेंड्या. चांगली लेंडी गोल, हरभऱ्याएवढी, बोटाने चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. पाणी कमी पडायला लागलं की त्या बारीक, कडक, वेड्यावाकड्या होतात आणि संख्याही कमी होते.

पाणी वाढवायला मी एवढंच करतो की पाला धुतल्यावर झटकत नाही, तसाच निथळता देतो. पाण्यात ज्यूस, साखर वगैरे घालू नका, पोटातले चांगले जंतू बिघडतात. बाउल रोज घासा, नुसतं वरून पाणी ओतत राहिलं की तळाशी बुळबुळीत थर धरतो आणि मग ससा तोंड लावत नाही.

वाडगा ठेवूनही पीत नसेल तर दात दाखवून घ्या. मागच्या दाढांना टोकं येतात, जीभ कापते, मग खाणंपिणं दोन्ही कमी होतं आणि आपल्याला बाहेरून काहीच दिसत नाही. आणि 10-12 तास काही खाल्लं नाही, लेंडी पण नाही, असं झालं तर सिरिंजने पाणी पाजत घरी बसू नका, सरळ डॉक्टरकडे, रात्र असली तरी. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पोट फुगलेलं असेल तर जबरदस्तीने पाजणं उलट महागात पडतं. डॉक्टर कातडीखालून सलाइन देतात, ते जास्त कामाचं.

बाटली लगेच फेकू नका, मी अजून लटकवून ठेवलीये, बाउल उलटला तर तेवढाच आधार. फक्त रोज सकाळी छर्रा दाबून बघतो.