शहाबादी फरशीवर वडिलांची कुबडी घसरते. नवी जोडी घ्यावी का? (सोलापूर)

नवी जोडी नको, खालची रबरं बदला, आणि दोन्ही एकदमच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घसरण्याचं कारण बहुतेकदा हेच निघतं. पूर्वी काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी असायची, ती दगडावर सटकायची. 1844 मध्ये चार्ल्स गुडइयरला व्हल्कनाइज्ड, म्हणजे गंधक घालून तापवून टिकाऊ केलेल्या, रबराचं अमेरिकी पेटंट मिळालं. उन्हात न पाघळणारं रबर आल्यावरच आजचं टोक शक्य झालं. त्याच्या तळाच्या खाचा ओल्या फरशीवरचं पाणी बाजूला सारतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला, किंवा आपल्याकडच्या उन्हात रबर कडक पडून तडकलं, की पकड गेलीच.

घेताना:
- नळीची बाहेरची जाडी मोजून न्या. 19 आणि 22 मिमी ही नेहमीची मापं.
- आत लोखंडी चकती असलेलं घ्या, नाहीतर नळी रबर कापून खाली येते.

काखेतली गादी फाटली असेल तर सोलापुरी टॉवेलची घट्ट घडी तात्पुरती चालेल. मात्र गादी कितीही मऊ असली तरी वडिलांनी काखेवर भार देऊ नये, तिथली नस दाबून हात लुळा पडू शकतो. भार तळहातावर, आणि काखेखाली दोन-तीन बोटांची जागा मोकळी.