जेपीए की हायबरनेट, आणि हे ठरवायचं कोणी?

पत्राचा सारांश: मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए 7.4. जावाच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसशी जोडणी करायला त्याला जेपीए (जावा पर्सिस्टन्स एपीआय) वापरायचं आहे. वडिलांच्या मते त्याच कामाची हायबरनेट ही लायब्ररीच शिकावी, कारण आयटीतले मेहुणे सांगतात की मागणी त्यालाच आहे. क्लासची फी भरून झाली आहे. ‘त्याला तुम्हीच समजवा.’

आदरणीय पालक,

7.4 ची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुमच्या पत्राची. त्यात मेहुण्यांचं मत सविस्तर आहे, पण मुलाला जेपीए का हवंय, यावर एक ओळही नाही. तुम्ही त्याला विचारलंत का? प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं हेच विचारतील आणि नोकरीच्या मुलाखतीतही हेच विचारलं जाईल. तिथे उत्तर त्यालाच द्यायचं आहे. निर्णय तुमचा असेल, तर त्याच्याकडे कारण कुठून असणार? म्हणून मी त्याला समजावणार नाही, कारण तो बरोबर आहे.

तुमच्या घरातला वाद एका गैरसमजावर उभा आहे. जेपीए आणि हायबरनेट हे प्रतिस्पर्धी नाहीत. हायबरनेट 2001 मध्ये आलं. जेपीए हे 2006 मध्ये ठरलेलं प्रमाणित इंटरफेस आहे आणि हायबरनेटचे कर्ते गॅव्हिन किंग ते ठरवणाऱ्यांत होते. जेपीए म्हणजे नियमांचा संच. प्रत्यक्ष काम हायबरनेट किंवा एक्लिप्सलिंकसारखी दुसरी लायब्ररी करते. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये जेपीएचा स्टार्टर, म्हणजे लायब्ररींचा तयार संच, घेतला की आत हायबरनेटच येतं. म्हणजे जेपीए शिकणारा हायबरनेट वापरतच असतो, फक्त त्याचा कोड त्या एका लायब्ररीला बांधलेला नसतो. बांधून घेतल्यावर काय होतं, तेही पाहा. हायबरनेटची क्वेरी रचायची जुनी क्रायटेरिया पद्धत 2022 च्या सहाव्या आवृत्तीत काढून टाकली गेली, डेटा साठवणारं ‘सेव्ह’ सातव्या आवृत्तीत गेलं. जेपीएतले साठवणारं ‘पर्सिस्ट’ आणि शोधणारं ‘फाइंड’ अजून जागेवर आहेत.

क्लासचा अभ्यासक्रम मागवा. त्यात सेशनवरचं ‘क्रिएटक्रायटेरिया’, म्हणजे तीच काढून टाकलेली पद्धत, शिकवत असतील, तर फी परत मागा.

मुलासाठी थेट सूचना. मेवनमध्ये (लायब्ररी जोडणारं बिल्ड टूल) जकार्ता पर्सिस्टन्स एपीआय, म्हणजे जेपीएचंच आजचं नाव, नेहमीच्या कंपाइल स्कोपमध्ये ठेव आणि हायबरनेट कोअर ‘रनटाइम’ स्कोपमध्ये. मग चुकून हायबरनेटचा क्लास इंपोर्ट केलास, तर कंपायलरच अडवेल. जुन्या ट्यूटोरियलमधलं ‘जावाएक्स’ने सुरू होणारं पॅकेज उचलू नकोस, स्प्रिंग बूट 3 मध्ये त्यामुळे ‘नॉट अ मॅनेज्ड टाइप’ अशी एरर येते आणि दिवस वाया जातो. ‘मेनी टू वन’ नातं मुळात ईगर असतं (जोडलेला डेटा लगेच आणतं), ते हाताने लेझी (लागेल तेव्हाच आणणारं) कर. त्यानंतर शंभर ऑर्डर आणून प्रत्येकीचा ग्राहक लूपमध्ये वाचलास, तर एकाऐवजी शंभरपर्यंत जादा क्वेरी जाऊ शकतात. तिथे ऑर्डर आणि ग्राहक एकाच क्वेरीत आणणारं ‘जॉइन फेच’ लाव आणि एसक्यूएलचा लॉग चालू ठेवून क्वेरी मोज. (जॉइन, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन कच्चे असतील, तर आधी एसक्यूएल. हे मी आग्रहाने सांगते.)

प्रमाणित म्हणजे सगळं एकसारखं, असंही समजू नकोस. एकदा हायबरनेट काढून एक्लिप्सलिंक लावून बघ. एंटिटी मॅनेजर (जेपीएत डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) बंद झाल्यावर लेझी यादी उघडली, तर हायबरनेट ‘लेझी इनिशियलायझेशन’चं एक्सेप्शन देतं, एक्लिप्सलिंक बहुतेक वेळा डेटा आणून देतं. हा फरक स्वतः पाहून सांगणारा विद्यार्थी मुलाखतीत लक्षात राहतो. आणि हायबरनेटची खास सोय खरोखर लागली, समजा लाखभर ओळी भरायला स्टेटलेस सेशन, तर जरूर वापर. पण ती एका वेगळ्या मॉड्यूलमधल्या एकाच क्लासमध्ये कोंडून ठेव आणि फक्त तिथे हायबरनेट कोअर कंपाइल स्कोपमध्ये घे. हायबरनेटपर्यंत पोहोचायला जेपीएनेच ‘अनरॅप’ दिलेलं आहे.

गेट, सी-डॅकची सी-कॅट, कॅम्पस, यातली कोणतीही वाट या निवडीने बंद होत नाही.

पालकांना एकच विनंती: प्रोजेक्टची नोंदणी करताना तंत्रज्ञानाचा रकाना मुलाला भरू द्या आणि निवडीचं कारण तिथेच चार ओळींत त्याला लिहू द्या.