नर्सिंग सोडून मिशनरी व्हायला जाऊ का?

तुझं पत्र मिळालं. नर्सिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, परदेशात मिशनरी म्हणून जायचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे असं तुला मनापासून वाटतंय, म्हणून कॉलेज सोडून थेट बायबल कॉलेजला जाऊ का असं विचारलंयस, आणि वडील म्हणतात यात ना पगार ना भविष्य. शिवाय मिशनरी लोक दिवसभर नेमकं करतात काय हेही विचारलंस, आणि खरं सांगू, पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे, बाकीची मुलं तो विचारतच नाहीत.

आधी उत्तर देते. नर्सिंग सोडू नकोस. पाचारण खरं असेल तर ते डिग्री होईपर्यंत कुठे जात नाही.

आता दिवसाचं सांगते. पहिलं वर्ष, कधी कधी दोन वर्षं, मुख्य काम एकच, भाषा शिकणं. सकाळी तिथल्याच कोणा बाईसोबत बसायचं, ती बोलते ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, परत परत ऐकायचं, आणि दुपारी तीच चार वाक्यं घेऊन बाजारात जायचं, लोक हसले तरी बोलत राहायचं. आज तू वॉर्डात ‘कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय’ हे पटकन विचारतेस ना, तिथे तेवढं नीट विचारायला महिने जातात आणि पेशंट काय म्हणाला ते कळायला त्याहून जास्त. शिकलेल्या माणसाला हे फार जड जातं, पुष्कळ जण इथेच खचतात असं माझं मत आहे, आणि याची तयारी कोणी करून देत नाही.

भाषा जमली की मग खरं काम. नर्स असशील तर ओपीडी, ड्रेसिंग, बाळंतपणं, लसीकरण, औषधांचा साठा मोजून ठेवणं, तिथल्या मुलींना ट्रेनिंग देणं. मध्येच व्हिसा रिन्यू करायला सरकारी ऑफिसात अख्खा दिवस. प्रार्थना, बायबल स्टडी, रविवारची उपासना असतेच, पण जिथे स्थानिक मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिलीय तिथे प्रवचन तिथल्याच पाळकांनी (पास्टरांनी) करावं, तेच बरोबर आहे. आणि रात्री, खर्चाला पैसे पाठवणाऱ्यांना प्रार्थनापत्र, म्हणजे कामाची खबर आणि प्रार्थनेची विनंती, लिहायचं, हिशोब लावायचा.

पैशाचं वडील चुकीचं बोलत नाहीयेत. बऱ्याच प्रोटेस्टंट संस्थांमध्ये ठरलेला पगार नसतो, जाणाऱ्यानेच मंडळ्या, नातेवाईक, ओळखीचे यांच्याकडून दर महिन्याच्या मदतीची वचनं गोळा करायची आणि ठरलेला आकडा जमेपर्यंत निघायचं नाही. कॅथलिक सिस्टर झालीस तर खर्च धर्मसंघ बघतो, पण दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घ्यावी लागतात. तिसरी वाट म्हणजे आपल्या हातातल्या कामावर पोट भरायचं. बायबलमधला प्रेषित पौल तंबू बनवायचा. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोचले तेव्हा पैशाचे हाल झाले, मग त्यांनी निळीच्या कारखान्यावर मॅनेजरची नोकरी धरली, पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवलं, आणि १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरणही छापून आलं. तुझ्यासाठी मला हीच वाट बरी वाटते.

कारण अनेक देश मिशनरी म्हणून व्हिसा देतच नाहीत, नर्सला देतात. पण मग नर्स म्हणून गेलीस तर खरोखर नर्सच राहायचं, तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घ्यायचं, कायदा पाळायचा. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी कायद्यात धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात, तेव्हा जिथे जाशील तिथला नियम आधी वाच. आणि एक गोष्ट कायद्यापेक्षाही मोठी, कॉटवर पडलेला माणूस तुला नाही म्हणू शकत नाही. त्याच्या दुखण्याचा उपयोग त्याला विश्वासाकडे ओढायला कधीच करायचा नाही, त्याने स्वतःहून विचारलं तर बोल, नाहीतर सलाईन नीट लाव.

म्हणून डिग्री, रजिस्ट्रेशन, मग दोनेक वर्षं चांगल्या गर्दीच्या हॉस्पिटलमध्ये प्रसूती आणि इमर्जन्सी वॉर्ड. बायबलचा अभ्यास पत्रद्वारे किंवा ऑनलाइन तोवर चालू ठेवता येतो. मग आधी थोड्या मुदतीसाठी जाऊन बघ, मर्सी शिप्स नावाची ख्रिस्ती संस्था १९७८ पासून आहे, त्यांची हॉस्पिटल जहाजं आफ्रिकेतल्या बंदरांत उभी असतात, तिथे फुकट ऑपरेशनं होतात आणि अनुभवी नर्स स्वयंसेवक म्हणून काम करतात. तिथे घरची आठवण, परकी भाषा, थकवा, सगळं एकदम कळेल.

आणि कुठल्याही संस्थेला अर्ज करण्याआधी पत्र लिहून विचार: मेडिकल इन्शुरन्स कोण भरतं, दंगल झाली तर बाहेर कोण काढतं, म्हातारपणासाठी काय ठेवतात, सुट्टीवर घरी किती वर्षांनी पाठवतात, मध्येच परत यावं लागलं तर काय. परत आलेल्या दोघा-तिघांशी बोलायला त्यांचे नंबरही माग. उत्तर आलं की वडिलांच्या शेजारी बसून वाच, आणि जी संस्था लेखी द्यायला टाळाटाळ करेल तिच्याकडे जाऊ नकोस.